झोपेसाठी नैराश्याची गोळी

वैद्यकातल्या चाचण्या गोळा करून त्यांची एकत्रित छाननी करणारी ‘कोक्रेन’ ही संस्था आमच्या वाचकांना ऐकून माहीत असेल. प्रौढांच्या निद्रानाशावर नैराश्यविरोधी औषधे कितपत उपयोगी पडतात, याचा आढावा तिने २०१८ साली प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या हेझल एव्हरिट आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. या आढाव्यावर वैद्यकीय नियतकालिकांत चर्चा झाली. शिक्षकांसाठीच्या मासिकात त्याची दखल घेण्याचे कारण वेगळे आहे. एखादे औषध ‘चालते’ म्हणजे काय, ‘दुष्परिणाम’ कशाला म्हणायचे, आणि एखादी गोष्ट चाचणीत दिसली नाही म्हणजे ती नाही असे म्हणता येते का, हे तिन्ही प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्याचे आहेत. शिवाय झोप न येणारी माणसे आपल्या शिक्षक-खोलीतही असतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या खिशात अमिट्रिप्टिलीन किंवा मिर्टाझपीनची पट्टी असते, आणि ती नैराश्यावरची आहे हे त्याला औषधाच्या दुकानात कळते. काहींना तिथेही कळत नाही.

आढाव्याचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. लेखकांना निकषांत बसणाऱ्या २३ चाचण्या मिळाल्या. त्यांत सहभागी झालेली माणसे २,८०६. कमी मात्रेतील डॉक्सेपीन आणि ट्रॅझोडोन या दोन औषधांनी, थोड्या आठवड्यांच्या वापरात, झोपेचा दर्जा प्लासिबोपेक्षा म्हणजे बनावट गोळीपेक्षा किंचित सुधारला, असे दिसते. पुरावा कमी प्रतीचा, चाचण्या लहान, मुदत अल्प. दीर्घकाळ ही औषधे घेतल्यास काय होते, याविषयी चाचण्यांचा पुरावा नाही. आणि प्रत्यक्ष व्यवहारात सर्रास दिल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलीनबद्दल तर निकषांत बसणारा पुरावाच सापडला नाही.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे असे आम्ही सुचवतो. १९६१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले, जगभर लाखो लोकांनी घेतलेले औषध. त्याचा झोपेसाठी उपयोग दशकानुदशके चालू. आणि त्या उपयोगाची धड चाचणी २०१८ पर्यंत नाही. लेखकांनी हे स्पष्टपणे लिहिले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. शंभर पानी अहवालात ‘आम्हाला सापडले नाही’ असे लिहिणे सोपे नसते. वाचणाऱ्याला ते निरुपयोगी वाटते. आमच्या मते तेच या आढाव्याचे सर्वांत मोलाचे वाक्य आहे. यानंतर नेदरलँड्समध्ये सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांतून अमिट्रिप्टिलीन आणि मिर्टाझपीन यांची कमी मात्रेत बनावट गोळीशी तुलना करणारी चाचणी झाली. मिर्टाझपीनचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत दिसला, पुढे टिकला नाही. अमिट्रिप्टिलीनचा म्हणण्यासारखा दिसलाच नाही. म्हणजे रिकामी जागा थोडी भरू लागली आहे, आणि भरताना जुन्या सवयीला फारसा आधार मिळालेला नाही.

मात्र दुष्परिणामांविषयीचा या आढाव्याचा भाग आम्हाला अपुरा वाटतो. ट्रॅझोडोनने सकाळी सुस्ती, तोंडाला कोरड आणि तहान वाढते, असे तो सांगतो. ट्रायसायक्लिक औषधे आणि बनावट गोळी यांत दुष्परिणामांचा फरक कदाचित थोडा किंवा मुळीच नसेल, असेही सांगतो. पुरावा कमी प्रतीचा, ही पुस्ती जोडून. वाक्य बरोबर आहे, पण घाईत वाचणाऱ्या डॉक्टरच्या मनात त्यातले ‘फरक नाही’ एवढेच राहते. याची कारणमीमांसा करायची तर आधी ही औषधे आली कुठून ते पाहावे लागेल.

दुष्परिणाम कोणाला म्हणायचे?

नैराश्यावरचे पहिले औषध क्षयरोगाच्या दवाखान्यात सापडले. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले गेले, आणि ते रोगी अनपेक्षितपणे उत्साही झाले. क्षयाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने हा उत्साह ‘साइड इफेक्ट’ होता. दुसरी शाखा स्वित्झर्लंडची. गायगी कंपनी अँटिहिस्टामिन आणि शामक औषधांच्या शोधात इमिनोडायबेंझिल नावाच्या सांगाड्यापासून बनवलेली संयुगे तपासत होती. त्यांपैकी एक, इमिप्रामीन, म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात रोलांड कून यांनी मानसिक रुग्णांना दिले, आणि नैराश्य कमी होते असे १९५७ साली जाहीर केले. अमिट्रिप्टिलीन आणि डॉक्सेपीन ही इमिप्रामीनचीच भावंडे.

ही वंशावळ पाहिली की ‘नैराश्याच्या औषधाने झोप कशी काय येते’ हे कोडे उरत नाही. सर्दीची गोळी घेऊन वर्गात पेंगलेला विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिला आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो हिस्टामिन स्रवतो, आणि त्यामुळे आपण जागे राहतो. हिस्टामिनचे ग्राही अडवले की जागेपण ढिले पडते. सर्दीची जुनी गोळी हे करते; डॉक्सेपीन, अमिट्रिप्टिलीन आणि मिर्टाझपीन तेच करतात, कित्येक पटींनी जोरात. अँटिहिस्टामिनांच्या घराण्यातून आलेल्या रेणूंनी घराण्याचा गुण सोडलेला नाही, इतकेच.

आता शब्दांकडे पाहू. ‘साइड इफेक्ट’ला आपण मराठीत सरसकट ‘दुष्परिणाम’ म्हणतो. इंग्रजी शब्दात ‘बाजूचा’ एवढाच अर्थ आहे. आपण त्यात दुष्टपणा घातला. परिभाषेच्या बाजूने ‘उपपरिणाम’ हा शब्द बरा, पण तोही खरा नाही, कारण त्यात एक मुख्य आणि बाकीचे दुय्यम अशी पायरी आहे. रेणूला अशी पायरी माहीत नसते. तो ज्या ज्या ग्राहींवर बसतो, तिथे तिथे एकाच वेळी काम करतो. नैराश्याच्या रुग्णासाठी पेंग हा दुष्परिणाम होता. निद्रानाशाच्या रुग्णासाठी तीच पेंग मुख्य परिणाम झाली. मग पूर्वी मुख्य असलेल्या परिणामाचे काय झाले? आणि जे पूर्वीही दुय्यम होते, तोंड कोरडे पडणे, रक्तदाब उतरणे, वजन वाढणे, ते आता कुठे गेले? कुठेही नाही. शरीर तेच, रेणूही तोच. बदलली ती फक्त चिठ्ठी लिहिणाऱ्याची इच्छा.

यावर डॉक्टरांचे एक ठरलेले उत्तर असते: मात्रा अगदी कमी आहे. या उत्तरात तथ्य आहे, पण अर्धे. डॉक्सेपीनच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे ठरते. नैराश्यासाठी ते ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त द्यावे लागते. झोपेसाठी ३ आणि ६ मिलिग्रॅमच्या गोळ्यांना अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. इतक्या कमी मात्रेत ते जवळजवळ फक्त हिस्टामिनचे ग्राही अडवते, कारण त्यांच्यावर त्याची पकड सर्वांत घट्ट आहे. बाकीचे ग्राही मोकळे राहतात. मात्रा कमी करून नको असलेले परिणाम गाळले, याचे हे चांगले उदाहरण, आणि त्यासाठी रीतसर चाचण्याही झाल्या.

ट्रॅझोडोनची गोष्ट उलटी. हे औषध १९६० च्या दशकात इटलीत तयार झाले आणि १९८१ साली अमेरिकेत नैराश्यासाठी मान्य झाले. नैराश्यासाठी मात्रा १५० मिलिग्रॅमच्या पुढे. झोपेसाठी २५ ते १०० मिलिग्रॅम. कमी मात्रेत ते तीन प्रकारच्या ग्राहींना अडवते: सेरोटोनिनचा एक प्रकार, हिस्टामिन, आणि रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणारे अल्फा-१ ग्राही. सेरोटोनिनचे पुनःशोषण थांबवण्याचे त्याचे काम, ज्याचा नैराश्याशी संबंध आहे, जास्त मात्रेत सुरू होते. म्हणजे मात्रा कमी केल्यावर गळाला तो नैराश्यावरचा गुण. रक्तदाब उतरवण्याचा गुण तसाच राहिला. रात्री लघवीला उठलेली सत्तरीची व्यक्ती झटकन उभी राहते, रक्तवाहिन्या वेळेवर आवळत नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मोरीच्या उंबऱ्यावर खुबा मोडतो. घरचे लोक ‘म्हातारपण’ म्हणतात. रात्रीच्या गोळीचा त्याच्याशी संबंध जोडला जाईलच असे नाही.

अल्फा-१ ग्राही अडवल्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि संकोच बाजूला ठेवून तो सांगितला पाहिजे. पुरुषांत लिंगाची ताठरता, कामेच्छेशी संबंध नसताना, तासन् तास टिकून राहते, वेदना होतात. चार तासांहून अधिक काळ असे राहिले तर तातडीने रुग्णालयात जावे लागते, नाहीतर कायमची इजा होते. ट्रॅझोडोन घेणाऱ्या सुमारे ६,००० पुरुषांत एकाला असे होते, असा जुना अंदाज आहे. नोंदलेल्या रुग्णांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की यांतले बहुतेक प्रसंग पहिल्या महिन्याभरात आणि दिवसाला १५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेवर घडले. ‘मात्रा कमी आहे’ या आश्वासनाचा इथे काहीच उपयोग नाही. लाजेने रुग्ण सांगत नाही, किंवा सकाळची वाट पाहतो. आणि चार तासांची मुदत रात्रीच निघून जाते.

तीनचा नियम

हा परिणाम २०१८ च्या आढाव्यात का दिसत नाही? इथे गणिताचे शिक्षक आमच्या मदतीला येतील. ट्रॅझोडोन आणि बनावट गोळी यांची तुलना करणाऱ्या तीन चाचण्या आढाव्यात आहेत. एकूण माणसे ३७०. यांतल्या काहींनाच औषध मिळाले, पण क्षणभर सर्वांना मिळाले असे धरू. एकालाही विशिष्ट परिणाम झाला नाही, तर काय म्हणता येते? संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणून एक सोपी युक्ती आहे. न माणसांत एखादी घटना एकदाही घडली नाही, तर तिचे खरे प्रमाण ३/न पेक्षा कमी आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. त्याहून जास्त काही म्हणता येत नाही. ३ भागिले ३७० म्हणजे सुमारे १२३ मध्ये एक. म्हणजे दर दीडशे माणसांत एकाला होणारी इजासुद्धा या तिन्ही चाचण्यांच्या हातून निसटू शकते. मग ६,००० मध्ये एक या प्रमाणातली घटना निदान एकदा तरी दिसावी अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर १८,००० माणसे लागतील.

वर्गात हे फाशाने दाखवता येते. एका मुलाला फासा १८ वेळा टाकायला सांगा. सहाचे दान एकदाही न पडण्याची शक्यता (५/६) चा अठरावा घात, म्हणजे जेमतेम ४ टक्के. पण फक्त तीनदा टाकला तर सहा न पडण्याची शक्यता ५८ टक्के आहे. तीनदा टाकून ‘या फाशावर सहा नाहीच’ असे म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसेल. छोट्या चाचणीच्या आधाराने ‘या औषधाला गंभीर दुष्परिणाम नाहीत’ असे छापले जाते, तेव्हा मात्र कोणी हसत नाही.

आढाव्याच्या लेखकांवर आमचा आक्षेप एवढाच की, हा हिशोब त्यांनी निष्कर्षांच्या शेजारीच, डॉक्टरला चुकवता येणार नाही अशा जागी मांडायला हवा होता. फायदा कळायला शंभर-दोनशे माणसे पुरतात. धोका कळायला हजारो लागतात. एकाच तराजूत दोन्ही मोजले की फायद्याचे पारडे नेहमी जड दिसते.

आणि मुदतीचा प्रश्न वेगळाच. ट्रॅझोडोनची बऱ्यापैकी मोठी जुनी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली: ५० मिलिग्रॅम ट्रॅझोडोन, १० मिलिग्रॅम झोलपिडेम आणि बनावट गोळी, असे तीन गट, एकूण ३०६ माणसे, दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात दोन्ही औषधांनी झोप लवकर लागली. दुसऱ्या आठवड्यात ट्रॅझोडोनचा गट बनावट गोळीच्या गटापासून वेगळा काढता येईना. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१७ साली आपली शिफारस लिहिताना हिशोब केला, तेव्हा ट्रॅझोडोनमुळे झोप साधारण १० मिनिटे लवकर लागते आणि एकूण २२ मिनिटे वाढते, असा अंदाज निघाला. आणि निद्रानाशासाठी हे औषध वापरू नये असे अकादमीने सुचवले. शिफारस ‘दुर्बळ’ या वर्गातली होती, हेही सांगायला हवे. पण २२ मिनिटांसाठी आपण काय काय मोजतो, हा प्रश्न दुर्बळ नाही.

झोपेतच होणारे बिघाड

आतापर्यंतचे परिणाम शरीराच्या इतर भागांतले होते. आमच्या दृष्टीने सर्वांत अनपेक्षित ते, जे झोपेलाच जाऊन भिडतात.

पहिला पायांचा. संध्याकाळ झाली, अंथरुणाला पाठ टेकली, की पायांत वळवळ, ओढ, मुंग्या. हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवले की बरे वाटते. थांबले की पुन्हा सुरू. हा विकार ओळखीचा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात नवी नैराश्यविरोधी औषधे सुरू केलेल्या २७१ रुग्णांवर लक्ष ठेवले. एकंदर ९ टक्क्यांना ही तक्रार नव्याने सुरू झाली किंवा वाढली. मिर्टाझपीन घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. झोपेसाठी हमखास म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीने चारांतल्या एकाचे पाय रात्री अस्वस्थ व्हावेत, हे विचित्र आहे. त्याहून विचित्र पुढची साखळी: झोप येत नाही म्हणून रुग्ण परत येतो, आणि मात्रा वाढवली जाते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट जोडावीशी वाटते. शरीरात लोह कमी असेल तर पायांची ही तक्रार बळावते, आणि आपल्या देशात स्त्रियांमधील लोहाची कमतरता किती सार्वत्रिक आहे हे शिक्षकांना सांगायला नको. पाय गप्प बसत नाहीत म्हणून झोप न येणारी बाई ‘झोप येत नाही’ एवढेच सांगते. तिला लागते लोह, मिळते नैराश्याची गोळी, आणि गोळीने पाय अधिकच चाळवतात.

दुसरा बिघाड स्वप्नांचा. १९५३ साली शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला जलद नेत्रहालचालींचा टप्पा दाखवला. ठळक स्वप्ने बहुधा याच टप्प्यात पडतात, आणि त्या वेळी डोळे व श्वासाचे स्नायू सोडून शरीराचे बहुतेक स्नायू मेंदूकडून सैल केले जातात. फ्रान्समधील लियॉंच्या मिशेल जूवे यांनी १९६५ च्या सुमारास मांजरांच्या मेंदूच्या देठातला एक छोटा भाग निकामी केला. ती मांजरे झोपेतच उठून उभी राहू लागली, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. स्नायूंना लावलेला खिळा निघाला होता. माणसांत हाच विकार १९८६ साली मिनेसोटातील शेंक आणि माहोवाल्ड यांनी वर्णन केला: झोपेत ओरडणे, ठोसे मारणे, पलंगावरून उडी. आणि मग लक्षात आले की काही नैराश्यविरोधी औषधेही हा खिळा ढिला करतात. १९९२ साली त्याच गटाने फ्लुओक्सेटीनबाबत नोंद केली. पुढे व्हेनलाफॅक्सीन, मिर्टाझपीन, ट्रायसायक्लिक औषधे यांविषयी नोंदी झाल्या. शेजारी झोपलेल्या बायकोला नवऱ्याचा फटका बसतो. कारण शोधले जाते भांडणात किंवा बाहेरच्या बाधेत. हाच विकार कधीकधी पार्किन्सनच्या आजाराची फार आधीची सूचना असतो, त्यामुळे औषधाचा परिणाम कोणता आणि आजाराची चाहूल कोणती, हे ठरवणे डॉक्टरलाही सोपे नाही. म्हणून तर चिठ्ठीवर कारण असणे महत्त्वाचे. त्याकडे पुढे येऊ.

तिसरी गोष्ट सकाळची. मिर्टाझपीनचे अर्धायुष्य २० ते ४० तास आहे. किरणोत्साराच्या धड्यात अर्धायुष्य शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. अर्धायुष्य २० तास धरले आणि रात्री दहाला गोळी घेतली, तर सकाळी आठला दहा तास म्हणजे अर्धे अर्धायुष्य झालेले असते. रक्तात ७१ टक्के औषध उरते. दुसऱ्या रात्री दहाला ४४ टक्के शिल्लक असतानाच नवी गोळी पडते. आठवड्याभरात रक्तातला साठा एका गोळीच्या पावणेदोन पटीवर जाऊन स्थिरावतो. गुंगीची शरीराला काही अंशी सवय होते, हे खरे. पण नियमाने दोन रात्री गोळी घेऊन तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर बसणाऱ्याला त्या सवयीचा भरवसा देता येत नाही. अमिट्रिप्टिलीनची बाब अशीच. शिवाय ते ॲसिटिलकोलिनचे ग्राही अडवते, म्हणून बद्धकोष्ठ, लघवी अडणे, धूसर दिसणे, आणि म्हाताऱ्या माणसांत गोंधळलेपण, विसरणे. वृद्धांना टाळावीत अशा औषधांची ‘बिअर्स यादी’ १९९१ पासून आहे. अमिट्रिप्टिलीन तिच्यात जुने आहे.

मग डॉक्टर इकडे वळले का? याचे उत्तर औषधशास्त्रात कमी आणि कागदपत्रांत जास्त आहे. झोपेच्या जुन्या गोळ्यांची, म्हणजे बेंझोडायझेपीन गटाची, सवय लागते हे कळल्यावर त्यांच्यावर बंधने आली. न्यूयॉर्क राज्यात १९८९ पासून त्यांची चिठ्ठी तीन प्रतींत लिहावी लागू लागली. नैराश्याच्या गोळ्यांना असे काही बंधन नव्हते. १९८७ ते १९९६ या काळात अमेरिकेत निद्रानाशासाठी झोपेच्या गोळ्यांचा उल्लेख सुमारे ५४ टक्क्यांनी घटला आणि नैराश्यविरोधी औषधांचा १४६ टक्क्यांनी वाढला. त्या काळात ही औषधे झोपेसाठी अधिक चांगली आहेत असे कोणी सिद्ध केले नव्हते. ‘सवय लागत नाही’ याचा अर्थ हळूहळू ‘धोका नाही’ असा झाला. शिवाय स्वामित्वाची मुदत संपलेल्या स्वस्त औषधावर मोठी चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीला रस नसतो. डॉक्सेपीनची चाचणी झाली ती नव्या मात्रेची नवी गोळी विकायची होती म्हणून.

आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोलपिडेम यांसारखी औषधे ‘एच-१’ परिशिष्टात गेली. दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तो नियम योग्यच आहे. पण एक दार बंद केल्यावर माणसे कोणत्या दाराने जातात, हे पाहणेही नियम करणाऱ्याचे काम असते.

एक गैरसमज मात्र होऊ देता कामा नये. ज्यांना नैराश्य आहे, त्यांच्यासाठी ही औषधे उपयोगी आहेत, आणि झोपही बिघडलेली असेल तर पेंग आणणारे औषध निवडण्यात शहाणपण असू शकते. हा लेख वाचून कोणी गोळी अचानक बंद करू नये. तसे केल्यास झोप आणखी बिघडते, मळमळ, अस्वस्थता येते, आणि मूळ आजारच परतला असे वाटते. बदल डॉक्टरला विचारून, हळूहळू. दुसरे, पंचवीस वर्षांखालील मुलांच्या बाबतीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ आणि २००७ साली या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला आहे: सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. परीक्षेच्या दिवसांत झोप येत नाही म्हणून घरातल्या मोठ्यांची गोळी घेणारा बारावीचा विद्यार्थी या चौकटीत येतो.

औषधाशिवायचा उपाय नवा नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी वापरणे, झोप आली नाही तर उठून बसणे, उठण्याची वेळ पक्की ठेवणे, अंथरुणातला वेळ आधी मुद्दाम कमी करून मग वाढवणे: यांतले पहिले सूत्र बूट्झिन यांनी १९७२ साली, शेवटचे स्पीलमन यांनी १९८७ साली मांडले. अमेरिकेच्या फिजिशियन महाविद्यालयाने २०१६ साली प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर हीच पहिली उपचारपद्धती असावी असे म्हटले. अडचण अशी की ती शिकवायला तास लागतात, आणि गोळी लिहायला अर्धे मिनिट.

राहता राहिला चिठ्ठीचा मुद्दा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १७४ डॉक्टर एक संगणकीय पद्धत वापरत होते. तिच्यात औषध कशासाठी देत आहोत हे लिहिल्याशिवाय चिठ्ठी पुढेच सरकत नसे. २००३ ते २०१५ मधल्या या चिठ्ठ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नैराश्यविरोधी औषधांच्या एक लाखाहून अधिक चिठ्ठ्यांपैकी २९ टक्के मान्यता नसलेल्या कारणांसाठी होत्या. त्यांत निद्रानाशासाठी ट्रॅझोडोन ठळक. आणि अशा चिठ्ठ्यांपैकी फक्त १६ टक्क्यांच्या मागे भक्कम पुरावा होता. कारणाचा रकाना नसता तर हे काहीच कळले नसते. सगळ्या चिठ्ठ्या नैराश्याच्या खात्यावर जमा झाल्या असत्या, आणि कोण्या संशोधकाने ‘नैराश्य वाढले’ असा निबंध लिहिला असता.

आपल्याकडे चिठ्ठीवर तसा रकाना नाही, पण तो विचारता येतो. ‘डॉक्टर, हे कशासाठी लिहिलंत, तेवढं शेजारी लिहून द्याल का?’ एवढे म्हणण्यात उद्धटपणा नाही. औषधाचे अनपेक्षित परिणाम कळवण्यासाठी भारतात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टरच नव्हे, रुग्ण स्वतः किंवा त्याचे नातेवाईकही परिणाम कळवू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे, आणि सामान्य नागरिकांसाठीचा सोपा अर्ज प्रादेशिक भाषांतही आहे. मोरीतले पडणे, रात्रीचे पाय, झोपेतला ठोसा, या गोष्टी तिथे लिहिता येतात. औषधाचे नाव, मात्रा, केव्हा सुरू केले, काय झाले, आणि औषध कशासाठी घेत होतो, एवढे त्यात भरायचे असते.